भागूजीनं घासलेली विहीर

भागूजी सकाळी उठल्यावर तोंड धुवायच्या आधी पाणी प्यायचा. तहान लागायची म्हणून नव्हे. ते त्याचं काम होतं, निदान तो तसं समजायचा. ग्रामपंचायतीनं त्याला नेमलं होतं ते मोटार चालू करायला, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायला आणि व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडायला. पण तो उठला की पारोशा तोंडानं थेट विहिरीवर जायचा, बादलीभर पाणी शेंदायचा, ओंजळ आधी नाकाशी धरायचा, मग एक घोट तोंडात घेऊन डोळे मिटून बसायचा. गिळल्यावरही थोडा वेळ थांबायचा. काही झालं नाही की मग उठून मोटार सुरू. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला शिसारी आली. म्हणालो, "अरे, निदान चूळ तरी भर." तर म्हणाला, "सायेब, दात घासलं की जीब आंधळी व्हती. मग दिसभर मंजनाचीच चव."

मी त्या गावचा ग्रामसेवक होतो. गावाचं नाव लिहीत नाही. वेल्ह्याहून पासलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर कुठंतरी आहे एवढं पुरे. भागूजी वयानं माझ्याएवढाच, तरी मी त्याला कायम अरे-तुरे केलं आणि त्यानं मला कायम 'सायेब' म्हटलं. आता लिहिताना अहो-जाहो केलं तर ते ढोंग होईल, आणि ढोंग या हकिकतीत आधीच भरपूर आहे. म्हणून तसंच लिहितो.

त्याच्या जिभेची ख्याती होती. "आज वर घाटात पाऊस झालाय," असं तो पाणी पिऊन सांगायचा, आणि दुपारी ओढ्याला गढूळ पाणी यायचं. एकदा त्यानं ऐन लग्नाच्या दिवशी पाणी सोडायला नकार दिला. "टाकीत काय तरी मेलंय," म्हणाला. नवरदेवाचा बाप त्याच्या अंगावर धावून गेला. टाकी उघडली तर आत फुगलेली घूस. त्या दिवसापासून गावानं त्याची चेष्टा कमी केली. विश्वास मात्र सोयीपुरताच ठेवला.

भागूजी बौद्धवस्तीतला. त्याच्या आजोबाला विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. खालच्या अंगाला घागर घेऊन बसायचं, आणि कुणाला दया आली की त्यानं वरून ओतायचं. भागूजीच्या हातात पाण्याची किल्ली आली तेव्हा गावातल्या दोन म्हाताऱ्या वर्षभर ओढ्याचं पाणी वापरत होत्या, हे मला नंतर समजलं. तो स्वतः ते हसत सांगायचा. "आज्याला वाढलेलं पाणी मिळायचं, म्या आख्ख्या गावाला वाढतो. मंग ते ग्वाड नगं का?" त्याच्या सगळ्या हट्टाचं मूळ या एका वाक्यात होतं.

मग गावाच्या वरच्या पठारावर फौजेचा कॅम्प आला. गुरं चरायची जागा होती ती. तिथं तारेचं कुंपण पडलं, बराकी उठल्या, गाड्या दुरुस्त करायचा मोठा कारखाना झाला, तेलाच्या टाक्या आल्या. कुरण गेलं म्हणून चार जणांनी बोंब मारली, पण ती फार दिवस टिकली नाही. कारण कॅम्पबरोबर कामं आली. मेसला भाजी सरपंचाची, मजूर सरपंचाचे, दूध त्याच्या मेव्हण्याचं. ज्याच्या घरात जास्तीची खोली होती त्यानं ती भाड्यानं दिली, नव्हती त्यानं गोठ्याला फरशी घालून ती खोली केली. बायका साहेबांच्या घरी भांडी-धुण्याला जायला लागल्या. इंद्रायणी भाताचा वास ज्या खाचरांवरून रस्त्यापर्यंत यायचा ती खाचरं पडीक पडली, कारण चिखलात वाकण्यापेक्षा कॅम्पात झाडू मारणं सोपं. मी कुणाला नावं ठेवत नाही. कॅम्पाच्या उद्घाटनाला मटणाच्या पंगतीत मीही होतो, आणि दोनदा वाढून घेतलं होतं.

भाद्रपदात, पाऊस ओसरल्यावर, एका सकाळी भागूजीचा फोन आला. मी भोरला घरी होतो, चहा पीत. "सायेब, पाण्याला राकेलावानी वास येतुया." मी म्हणालो, पावसाचं काहीतरी वाहून आलं असेल, टीसीएल वाढव. तो म्हणाला, "वाडवलं. पावडरीच्या खालनं येतुया वास." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी त्यानं मला न विचारता व्हॉल्व्ह बंद केला आणि किल्ली कमरेला लावून विहिरीच्या काठावर बसला.

मी पोचलो तेव्हा तिथं निम्मं गाव जमलं होतं. रिकाम्या कळश्या, हंडे, आरडाओरडा. सरपंच म्हणत होता, "आम्हाला कुणाला वास येत नाही, यालाच बरा येतो." खरं तर येत होता. त्याच आठवड्यात एका बाळंतिणीनं भाताचं ताट बाजूला सारलं होतं, भाताला घासलेटाचा वास मारतो म्हणून. पण तिचा नवरा कॅम्पात गवंडीकाम करत होता, तेव्हा तिला डोहाळे उशिरा लागले असं ठरलं. तेवढ्यात गर्दीतून एक बाई म्हणाली, "ह्याच्या आज्याला आमच्या घरानं पानी वाढलं, आन ह्यो आमचं पानी तोडतुया!" तिची दोन्ही पोरं मेसमध्ये वाढपी होती. कुणी तिला गप्प केलं नाही. मीही केलं नाही. मी सरकारी माणूस, आणि सरकारी माणसाला मूग गिळायचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. भागूजी तिला एवढंच म्हणाला, "वैनी, तोडत न्हाई. पोरांस्नी पाजू नका म्हनतुया."

लोक पांगल्यावर तो मला म्हणाला, "चला, दावतो." ज्या ओढ्याचा झिरपा विहिरीला येतो त्याच्या कडेनं आम्ही वर चढलो. कुंपणाच्या खाली पोचलो. गाड्या धुवायच्या उतारावरून एक पाइप सरळ ओढ्यात सोडलेला. त्यातून काळपट, चिकट पाणी गळत होतं. दगडांवर बोटभर जाडीचा मेणचट थर. काठचं गवत जळून गेलेलं. त्याच्या शेजारी मेसचं उष्टं टाकायची जागा. फुगून फाटलेल्या चपात्या, आंबलेला भात, त्यावर बुळबुळीत साय, कोंबड्यांची पिसं, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि या सगळ्यात तोंड घालणारी वीस-पंचवीस लठ्ठ कुत्री. आधी गावात कुत्री होती ती हाडकुळी आणि ओळखीची. ही वेगळीच, माणसाकडं बघून बाजूला न होणारी. मी रुमाल नाकाला लावला आणि तरी ओकलो. भागूजीनं माझी पाठ चोळली. म्हणाला, "सायेब, तुमी एकदाच वकला. म्या हे रोज पितुया."

त्याच अवस्थेत आम्ही कॅम्पाच्या गेटवर गेलो. तिथला अधिकारी तरुण होता, सज्जन होता, हे मुद्दाम लिहितो. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, दोघांनाही सारख्या. भागूजीचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, तपासणीची माणसं बोलावतो, सगळ्यांसमोर विहिरीतून नमुना घेऊ. "अगर पानी में कुछ निकला, तो उस तरफ़ के झरने से आपके गाँव तक नई पाइपलाइन हम डालके देंगे।" गुरुवार ठरला. उतरताना भागूजी इतका हलका झाला होता की ओढ्यातल्या दगडांवरून पोरासारखा उड्या मारत होता. पलीकडच्या डोंगरातला झरा त्याला ठाऊक होता. "त्या पान्यावर भात शिजवून बगा सायेब. वरान नगं का कोरड्यास नगं. नुस्ता खाशाल."

आता पुढचं लिहायचं आहे, आणि त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

मंगळवारी मी नसरापूरला चहाच्या टपरीवर होतो. सरपंचाचा फोन आला. "भाऊसाहेब, गुरुवारी मोठी माणसं येणार. आपली विहीर काय अवस्थेत आहे? कडेला शेवाळ, पाण्यावर तवंग. गावाची इज्जत आहे का नाही? उपसून, घासून घ्या." मी "बरोबर आहे" म्हणालो आणि तसाच भागूजीला फोन लावला. तपासणीला साहेब येणार म्हटलं की टाकी धुवायची, भिंतीला चुना मारायचा, रजिस्टर पुरं करायचं, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं असतं. तीस वर्षं मी हेच केलं आणि भागूजीकडून हेच करून घेतलं. सवयीनं सांगितलं, असं मी लोकांना म्हणतो. पण सरपंचाचा फोन ठेवता ठेवता मला कळलं होतं. चहाचा घोट घशात होता तेव्हाच कळलं होतं.

भागूजीला तर लगेच कळलं. तो म्हणाला, "सायेब, उपसली तर त्येंना दावायचं काय?"

मी म्हणालो, "आजवर कधी साहेब यायच्या आधी साफसफाई केली नाही असं झालंय का?"

"न्हाई, पर सायेब, तेल वरच तरंगतंय. त्योच तर पुरावा हाय. एकदा काडलं की परत साटायला पंदरा दिस जात्यात."

"जास्त शहाणपणा नको. सांगितलं तेवढं कर."

 तो "व्हय" म्हणाला.

बुधवारी सकाळपासून सगळं गाव विहिरीवर लोटलं. श्रमदानाला बोलावून बोलावून माझा घसा कोरडा पडायचा तेव्हा चार माणसं यायची, त्या दिवशी दीडशे आली. तीन मोटारी लावून विहीर उपसली. वरचा तवंग, त्याखालचं पाणी, सगळं शेतात सोडलं. तळाला गाळ उरला तेव्हा दोर धरून भागूजी खाली उतरला. वायरच्या ब्रशानं, सोड्यानं त्यानं एकेक दगड घासला. कुणी त्याला बारकाईनं कर म्हणून सांगितलं नव्हतं. वाईट काम त्याच्या हातून व्हायचंच नाही, हा त्याचा दोष. वर आला तेव्हा कोपरापर्यंत हात काळे, आणि ते साबणानं जाईनात. पोरींनी काठावर रांगोळी काढली. सरपंचानं नारळ फोडला. नव्या झिरपलेल्या पाण्यात टीसीएल दोन वेळा पडलं. दुसऱ्या दिवशी नमुने घेणाऱ्या माणसानं विहिरीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "वा! अशी विहीर मी अख्ख्या तालुक्यात बघितली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत भागूजी एकटा हात मागं बांधून उभा होता.

अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य. अधिकाऱ्याची बदली झाली, नव्या साहेबानं फाइल बघितली, आणि पाइपलाइनचा विषय संपला. पंधरा दिवसांत वास परत आला, भागूजी म्हणाला होता अगदी तसा. पण आता तो कागदाच्या विरुद्ध बोलत होता. पुढच्या महिन्यात वयाचं कारण दाखवून त्याला काढलं. ठराव मी लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. त्याच्या जागी सरपंचाचा पुतण्या लागला. तो घरात बसून बटण दाबतो. विहिरीवर कधी जात नाही.

आणि मग सरपंचानं रस्त्यालगत पाणी शुद्ध करायचा प्लांट टाकला. निळ्या झाकणाचे जार टेम्पोतून घरोघर फिरायला लागले. ज्या पाण्याला गावाच्या मते वास येत नव्हता, तेच प्यायचं गावानं सोडलं. ज्याला परवडतं तो जार घेतो. बौद्धवस्ती आणि धनगरवाडा नळाचंच पितात. पुरावा पुसून वर पाणी विकायचं, याला माझ्याकडं शब्द नाही, शिवी आहे, ती इथं लिहिता येत नाही.

भागूजी गप्प बसला नाही. तालुक्याला जाऊन फेरतपासणीचा अर्ज दिला. तिथं त्याला विचारलं, पहिला अहवाल चुकीचा कशावरून? तो म्हणाला, आदल्या दिवशी विहीर घासली होती. मग लेखी आणा, म्हणाले. म्हणून तो एसटीनं भोरला माझ्या घरी आला. उंबऱ्यापाशी बसला. "सायेब, मला दुसरं कायबी नगं. त्या दिसाचं फकस्त लिवून द्या. कंचा वार व्हता, आन उपसायला कुनी सांगितलं. दोन वळी."

माझ्या निवृत्तीला सात महिने होते. तेवढं लिहून दिलं असतं तर माझ्यावर चौकशी लागली असती आणि पेन्शन अडकलं असतं. मी "बघू" म्हणालो. महिन्यानं तो पुन्हा आला. मी "जरा थांब" म्हणालो. त्या वेळी तो जाताना म्हणाला, "तुमची चूक काडायची न्हाई मला सायेब. चूक म्या केली. जल्मभर तुमी सांगितलं तसं केलं, येवड्या एका टायमाला नगं व्हतं करायला." तो मला टोमणा मारत नव्हता. टोमणा मारता आला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी खिडकीतून त्याला बघितलं आणि बायकोला सांगितलं, घरी नाही म्हण. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिलो. वर्तमानपत्रसुद्धा हातात घेतलं नाही, आवाज होईल म्हणून. तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं असावं. बाहेरून त्याचा आवाज आला. "पानी ग्वाड हाय वैनी तुमच्याकडलं. बरं हाय." मग चपला घातल्याचा आवाज. पुढं तो आला नाही.

त्याची तब्येत बिघडल्याचं मला कळलं ते त्याच्या मुलीकडून, संगीताकडून. ती किकवीला दिली आहे. तिनं त्याला पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. पोटाचं काहीतरी होतं. महिन्याभरात गेला. पाण्यानं गेला, असं मी म्हणणार नाही. म्हणायला पुरावा लागतो, आणि पुरावा घासून काढायला मीच सांगितलं होतं.

जलदान विधीला मी गेलो. वस्तीतल्या छोट्या विहाराच्या ओट्यावर मांडव होता. फोटोपुढं मेणबत्त्या, पांढरी फुलं. माझ्या आधी एक टेम्पो येऊन उभा राहिला होता. त्यातून निळ्या झाकणाचे दहा जार उतरवले जात होते. सरपंचाकडून, भागूजीच्या जलदानाला. वर त्याच्या प्लांटच्या नावाचं स्टिकर.  भागूजीची बायको, यशोदाबाई, मांडवातून उठून बाहेर आली. टेम्पोवाल्याला म्हणाली, "बाबा, ह्ये न्हे माघारी. तुज्यावर राग न्हाई." तो म्हणाला, फुकट आहेत मावशी. ती म्हणाली, "म्हनूनच न्हे." संगीतानं किकवीहून कॅनमधून पाणी आणलं होतं, तेच सगळ्यांना दिलं.

विधी झाला. माणसं जेवायला बसली. माझ्या खिशात कागद होता. आदल्या रात्री लिहिला होता, चांगल्या अक्षरात, सही आणि तारखेसकट. अमुक बुधवारी सदर विहीर माझ्या तोंडी आदेशावरून उपसून घासण्यात आली, त्यानंतर नमुना घेण्यात आला, सबब सदर अहवाल ग्राह्य धरू नये. मी तो यशोदाबाईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. तिनं तो संगीताकडं दिला, संगीतानं हळू आवाजात वाचून दाखवला, दोनदा. मला वाटलं, आता रडतील, किंवा शिव्या देतील. दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

यशोदाबाईनं कागद घेतला, चार घड्या केल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला. मग माझ्याकडं बघून, जावयाची चौकशी करावी तशा साध्या आवाजात तिनं विचारलं, "सायेब, पेन्शन चालू झालं वाटतं तुमचं?"

मी म्हणालो, "हो. गेल्या महिन्यापासून."